कुरवांना शेव नको

काशीत दशाश्वमेध घाटावरून प्रवाहाच्या उलट, दक्षिणेकडे केदार घाटाच्या दिशेनं चालत निघालं की अहल्याबाई, दरभंगा, चौसट्टी, पांडे असे घाट मागे पडतात आणि राजा घाट लागतो. हाच अमृतराव घाट. रघुनाथरावांचे दत्तक पुत्र आणि दुसऱ्या बाजीरावाचे थोरले बंधू अमृतराव पेशवे १८०३ साली इंग्रजांशी करार करून पुण्याच्या राजकारणातून बाजूला झाले. सालिना सात लाखांची नेमणूक घेऊन ते उत्तरेत आले. बुंदेलखंडातल्या कर्वीला आणि इथे काशीला त्यांनी पुढचं आयुष्य काढलं. घाटाच्या दगडी कामावर आणि वरच्या वाड्यावर त्यांचं नाव राहिलं, पण काशीकरांना ते आठवले ते त्यांच्या अन्नदानामुळे.

या दानाची एक हकीकत कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी लिहून ठेवली आहे. ते १८२४ साली काशीत आले त्याच सुमारास अमृतरावांचं निधन झालं. हेबर सांगतात, की दर वर्षी आपल्या आराध्यदैवताच्या उत्सवाला अमृतराव सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत येईल त्या ब्राह्मणाला, आंधळ्या-पांगळ्याला तांदूळ आणि एक रुपया देत. शहराबाहेर त्यांची चार दरवाजांची मोठी बाग होती. तीन दरवाजे तीन प्रकारच्या याचकांसाठी उघडे असत, चौथा स्वतःसाठी आणि नोकरांसाठी. ज्याला दान मिळालं त्याला बागेत नेऊन दिवसभर तिथेच थांबवत, म्हणजे तो पुन्हा रांगेत येऊ नये. बागेत त्याला सावली होती, पाणी होतं. कोणाला द्यायचं, किती द्यायचं, दिल्यावर पुढे काय होतं, या सगळ्याचा विचार त्या दानात होता.

दोनशे वर्षांनी त्याच घाटासमोर रोज सकाळी एक वेगळं अन्नदान चालतं. नोव्हेंबर उजाडला की गंगेवर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे उतरतात. पहाटेच्या नावांमध्ये यात्रेकरू आणि पर्यटक बसलेले असतात, हातात शेवेची पाकिटं असतात. नावाडी ठरलेल्या लयीत हाक घालतो आणि काही क्षणांत शंभर-दोनशे पक्षी नावेभोवती कलकलाट करत घिरट्या घालू लागतात. मूठ उधळली की ते पाण्यावर तुटून पडतात. फोटो सुंदर येतो, मुलं हरखून जातात. खाऊ घालणाऱ्याच्या मनात बहुधा निखळ भूतदयाच असते. त्या दयेबद्दल मला आदर आहे. म्हणूनच तिच्यातून पक्ष्याच्या पोटात काय जातं, याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटतं.

आधी पाहुण्यांची ओळख. घाटावर सगळे त्यांना ‘साइबेरियन’ म्हणतात. मराठीत हे कुरव. भरतपूरला येणाऱ्या सायबेरियन क्रौंचांची ख्याती देशभर पसरली होती. २००२ नंतर ते तिथे दिसले नाहीत, पण त्यांचं नाव मात्र थंडीत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चिकटलं. वाराणसीच्या थव्यात प्रामुख्यानं दोन जाती असतात, काळ्या डोक्याचा कुरव आणि तपकिरी डोक्याचा कुरव. पहिल्याचा विणीचा प्रदेश युरोपपासून पूर्व आशियापर्यंत पसरलेला आहे. दुसरा मात्र सायबेरियाचा नाहीच. तो मध्य आशियातल्या उंच पठारांवरच्या सरोवरांकाठी, पामीर आणि तिबेटच्या पठारावर, आपल्या लडाखमध्येसुद्धा घरटी करतो. म्हणजे नावेभोवती फिरणाऱ्या पाहुण्यांपैकी कित्येक हिमालय ओलांडून आलेले असतात.

या दोघांना वेगळं ओळखणं हा घाटावर बसून करण्यासारखा उत्तम उद्योग आहे. नावं डोक्यावरून पडली असली तरी हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरीच असतात, फक्त डोळ्यामागे कानाच्या जागी एक गडद ठिपका असतो. त्यामुळे डोकं सोडा आणि डोळ्यात बघा. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचा डोळा फिकट, जवळजवळ पांढरट दिसतो, त्यामुळे त्याची नजर रोखलेली वाटते. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद आणि मऊ दिसतो. मग पंखाचं टोक बघा. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची बाहेरची पुढची कड पांढरीशुभ्र असते, उडताना ती पाचरीसारखी चमकते. तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखाचं टोक बरंचसं काळं असतं आणि त्या काळ्यात आरशासारखे पांढरे ठिपके असतात. हा अंगानंही जाड, चोचीनंही भरदार. काळ्या डोक्याचा त्यामानानं हलका, पाव किलोच्या आगेमागे वजनाचा. ज्याच्या पंखांवर तपकिरी नक्षी आणि शेपटीच्या टोकाला काळा पट्टा दिसेल तो या वर्षी जन्मलेला, पहिल्यांदाच इतकं लांब आलेला.

एकाच पक्ष्यावर नजर ठेवली तर आणखी बरंच दिसतं. कुरव नावेच्या वेगाशी वेग जुळवून वाऱ्यावर जवळजवळ स्थिर राहतो. पंख फार हलत नाहीत, फक्त टोकं आणि शेपटी बारीक बारीक वळत असतात. पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेले असतात, पाण्याला टेकायची वेळ आली की ते खाली सुटतात. एकानं तुकडा उचलला की तो गिळायच्या आत दोघं-तिघं त्याच्या मागे लागतात. चोचीतलं दुसऱ्याकडून हिसकावून घेणं ही कुरवांची जुनी सवय आहे, नावेशी तिचा संबंध नाही. मार्च लागला की डोळ्यामागचा ठिपका पसरू लागतो आणि कात टाकावी तसं काही दिवसांत डोकं गडद होतं. तेव्हा खरी नावं शोभायला लागतात आणि तेव्हाच परतीची वेळ झालेली असते. मार्चअखेर थवे विरळ होतात. वळे घातलेल्या पक्ष्यांच्या नोंदींवरून कळलं आहे, की काळ्या डोक्याचा कुरव तीस वर्षांहून अधिक जगू शकतो. समोरचा पक्षी कदाचित कित्येक हिवाळे इथे येत असेल.

आता शेवेकडे येऊ. कुरव मूळचा मासे, किडे, गांडुळं, झिंगे खाणारा. माणसाच्या वस्तीजवळ राहून तो उकिरड्यावरचंही खातो, सांडपाण्याच्या तोंडाशी जमतो. त्यामुळे त्याला काहीही पचतं असा समज आहे आणि त्यात थोडं तथ्यही आहे. शेवेतल्या मिठाबद्दल बोलताना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. कुरवांच्या डोळ्यांच्या वर क्षार गाळणाऱ्या ग्रंथी असतात. शरीरातलं जास्तीचं मीठ त्या घट्ट खारट थेंबांच्या रूपानं नाकपुड्यांवाटे बाहेर टाकतात. समुद्रावर राहणाऱ्या पक्ष्याला ही सोय लागतेच. म्हणून शेवेच्या मिठानं कुरव जागीच मरेल असं सांगणं चुकीचं आहे.

पण घाटावर एकटे कुरव नाहीत. उधळलेल्या मुठीतली निम्मी शेव पायऱ्यांवर, नावेच्या कडेवर, दोरखंडांत पडते. ती मैना, चिमण्या, कबुतरं आणि कावळे वेचतात. त्यांच्याकडे अशी ग्रंथी नाही, आणि पक्ष्यांची मूत्रपिंडं सस्तन प्राण्यांइतकं मीठ बाहेर टाकू शकत नाहीत. मूठभर खारट शेव माणसाला काहीच नाही, वीस-पंचवीस ग्रॅमच्या चिमणीला ती फार आहे. शिवाय तेल. तळलेल्या शेवेच्या वजनातला साधारण तिसरा हिस्सा तेल असतो. कुरवाला पोहून, बुडी मारून मिळणाऱ्या माशात प्रथिनं आणि खनिजं असतात, शेवेत ती त्या प्रमाणात नाहीत. पोट मात्र भरतं. ज्या पक्ष्याला मार्चमध्ये हिमालय ओलांडायचा आहे, नवी पिसं घालायची आहेत, त्याला हिवाळाभर तळणावर ठेवणं हा त्याच्यावर उपकार नव्हे. शिवाय पाकिटं पाण्यातच पडतात, ते वेगळंच.

याहून मोठी चिंता गर्दीची आहे. पक्षी एरवी कितीही थव्यानं राहत असले तरी नदीभर पसरून खातात. शेवेसाठी शेकडो पक्षी एकाच नावेभोवती, एकमेकांची विष्ठा पडलेल्या पाण्यात येतात. बर्ड फ्लूचे विषाणू असेच पसरतात, आणि कुरव हे या विषाणूच्या काही प्रकारांचे नैसर्गिक वाहक आहेत. डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ मध्ये हिमाचलमधल्या पोंग धरणावर पट्टकादंब हंस हजारोंनी मेले, राजस्थान-मध्य प्रदेशात कावळे मेले, आणि आपल्या परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात शेकडो कोंबड्या दगावल्या. त्याच जानेवारीत क्रिकेटपटू शिखर धवननं वाराणसीत नावेतून पक्ष्यांना खाऊ घालतानाचे फोटो टाकले. पक्ष्यांना खाऊ घालायला त्या दिवसांत मनाई होती, म्हणून जिल्हा प्रशासनानं नावाड्यावर कारवाई करण्याची भूमिका घेतली. पर्यटकाला नियम ठाऊक नसणार, तो सांगण्याची जबाबदारी नावाड्याची, असं त्यामागचं म्हणणं होतं. मला ते पुरेसं वाटत नाही. दिवसाची कमाई त्या एका फेरीवर अवलंबून असलेल्या माणसावर सगळा भार टाकून भागणार नाही. शेव मागणारे आपण आहोत.

हे फक्त काशीचं नाही. मुंबईत गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचच्या मागे कुरवांचे थवे वेफर्स आणि कुरकुऱ्यांसाठी उडत असतात. दिल्लीत यमुनेच्या घाटावर, प्रयागला संगमावर हेच चित्र आहे. मकर संक्रांतीला, ज्या सणाला बनारसमध्ये ‘खिचडी’ म्हणतात, आकाशात पतंग असतात आणि नदीकाठी मांजा लोंबत असतो. खाऊच्या ओढीनं घाटाजवळ, खाली उडणारा पक्षी त्यात अडकण्याची शक्यता वाढते. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली, तरी तो बाजारातून पुरता गेलेला नाही.

आपल्याकडे पक्ष्याला घास काढून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. वैश्वदेवातला काकबली, पितृपक्षातला कावळ्याचा घास हे सगळं कोणाला शिकवायला नको. या परंपरेतला एक भाग मात्र आपण विसरत चाललो आहोत, तो म्हणजे प्रमाण. काकबली एक घास असतो. तो घरच्या साध्या भाताचा असतो, तळलेल्याचा नसतो. तो रोज त्याच कावळ्याला मिळावा, त्याच्यावर त्यानं जगावं, असा त्याचा हेतूच नाही. कबुतरांच्या बाबतीत हे प्रमाण सुटलं की काय होतं ते मुंबईनं पाहिलं. शहरात पन्नासहून अधिक कबुतरखाने होते आणि २०२५ च्या पावसाळ्यात ते बंद करण्यावरून रस्त्यावर आंदोलनं झाली, उच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं. कबुतराच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ सतत श्वासात गेली तर काही माणसांच्या फुफ्फुसांना कायमची सूज येते, हे छातीचे डॉक्टर कित्येक वर्षं सांगत आहेत. शिवाय भरपूर दाणा मिळालेली कबुतरं बारा महिने अंडी घालतात आणि भिंतींतल्या ज्या खबदाडीत मैना, पोपट, चिमण्या राहतात ती बळकावतात. एकाला जास्त देण्यात दुसऱ्याचं जातं.

परदेशी बागांमधलं चित्र आपल्यासमोर नेहमी येतं. बर्फाने झाकलेली बाग, झाडाला टांगलेली दाण्याची नळी, तिच्यावर रंगीत पक्षी. ही चाल इंग्लंडात खरी रुजली ती १८९०-९१ च्या कडक हिवाळ्यात, जेव्हा वर्तमानपत्रांनी लोकांना पक्ष्यांसाठी उष्टंखरकटं बाहेर ठेवायचं आवाहन केलं. तिथे दिवस आठ तासांचा असतो, जमीन गोठलेली असते, किडे नसतात. त्या उपाशी महिन्यांत दाणा जीव वाचवतो. पण त्याचेही दुसरे परिणाम झाले. मध्य युरोपातला एक छोटा, काळ्या टोपीचा वटवट्या पूर्वी हिवाळ्यासाठी स्पेनकडे जाई. ब्रिटनच्या बागांमधल्या खाद्यामुळे त्यातले काही आता वायव्येला ब्रिटनकडे येतात, आणि ही दिशा त्यांच्या पिलांमध्ये जन्मतःच उतरते असं जर्मन संशोधकांनी प्रयोगांनी दाखवलं. आणि २००५ नंतर दाण्याच्या नळ्यांवर, पाण्याच्या भांड्यांवर पसरलेल्या एका परजीवीच्या रोगानं तिथला हिरवा फिंच इतका घटला, की २०२१ मध्ये त्याची नोंद लाल यादीत करावी लागली. ज्यांनी प्रेमानं नळ्या टांगल्या त्यांच्याच अंगणात ही साथ पसरली.

आपल्याकडची गोष्टच वेगळी. आपल्या बागेत हिवाळा उपासाचा नसतो. कापणी झालेली असते, किडे असतात, फळं-फुलं असतात. पक्ष्यांना इथे कठीण जातो तो वैशाख. काशीत मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांवर जातो, विदर्भात त्याहूनही वर. त्या दिवसांत पाणी मिळत नाही. आणि आपल्या अंगणातले बहुतेक पक्षी दाणे खातच नाहीत. दयाळ, शिंपी, नाचण, बुलबुल, शिंजीर, तांबट यांच्या दृष्टीनं ज्वारीचं ताट रिकामंच. कोणी किडे खातो, कोणी फळ, कोणी मध. चिमणीसुद्धा स्वतः दाणे खाते, पण पिलांना पहिल्या दिवसांत मऊ अळ्या आणि किडेच भरवते. अंगणात फवारणी करून तांदळाची कणी टाकली तर मोठ्या चिमण्या येतील, त्यांची पिलं मात्र उपाशी राहतील. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांनी सुरू केलेल्या प्रयत्नांतून २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिवस साजरा होतो. त्या दिवशी घरटी वाटण्याबरोबर कुंडीत देशी गवत आणि झुडपं लावली गेली तर चिमणीचं अधिक भलं होईल, असं माझं ठाम मत आहे.

मग अंगणात काय ठेवावं? सगळ्यात आधी पाणी. उथळ, दोन इंचांपेक्षा खोल नाही, बुडाला खडबडीत, म्हणजे मातीचं परळ उत्तम. ते सावलीत आणि मांजराला उडी मारता येणार नाही अशा जागी ठेवावं. जवळ एखादी फांदी असली की लहान पक्षी आधी तिथे बसून चाहूल घेतात. पाणी रोज बदलावं आणि भांडं काथ्यानं घासावं. यात आळस चालत नाही. डासांच्या अळ्या आठवड्याभरात तयार होतात आणि शिळं पाणी साथ पसरवतं. दाणा द्यायचाच तर बाजरी, राळे, ज्वारी, तांदळाची कणी असं द्यावं, एका वेळी इतकंच की संध्याकाळपर्यंत संपेल. उरलेला दाणा रात्री उंदरांना बोलावतो. कच्च्या तांदळानं पक्ष्याचं पोट फुगतं ही अफवा आहे, शेतातला भात पक्षी पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. पाव, बिस्किटं, खारी, फरसाण, दूध मात्र नको. पाव भूक भागवतो आणि पोसत नाही, दुधातली साखर पक्ष्यांना पचत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे झाड. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर येतात. कढीपत्त्याची काळी फळं बुलबुल खातात. जागा असेल तर उंबर लावावा. पिकला की तांबट, कोकीळ, हरियाल सगळे त्यावर असतात. पांगाऱ्याला फुलं आली की मैना, कोतवाल, बुलबुल गर्दी करतात. गॅलरीतल्या कुंडीत एक कोपरा न खुरपता ठेवावा, गवताला बी धरली की मुनिया येतील. पूर्वी कोकणात दसऱ्याच्या तोरणात भाताच्या लोंब्या बांधत आणि त्या चिमण्यांनी खाल्ल्या तरी कोणी हाकलत नसे. तसं तोरण शहरातल्या दारालाही शोभतं.

काशीच्या घाटांवरही असंच आहे. तिथल्या पक्ष्यांना शेवेपेक्षा हवं आहे ते वेगळंच. वाड्यांच्या भिंतींतल्या जुन्या खबदाडीत गंगा मैना राहते. ही आपल्या साळुंकीची बहीण, राखाडी अंगाची, डोळ्याभोवती पिवळ्याऐवजी विटकरी कातडी. मूळची ती नदीच्या मातीच्या कड्यांत बिळं करून घरटी करणारी. घाट बांधले गेले तसे दगडी भिंतींतले खाचे तिनं आपलेसे केले. डागडुजी करताना सगळेच खाचे सिमेंटनं बुजवले तर तिची घरटी जातात. पाण्यावर कवड्या खंड्या पंख फडफडवत एका जागी थांबतो, मान खाली, चोच पाण्याकडे, आणि क्षणात सूर मारतो. काळा-पांढरा, हातभरही नसलेला हा पक्षी नदीत लहान मासा आहे की नाही याची रोज नोंद देत असतो. घारी घाटावरच्या गर्दीवर फिरत असतात. घाटांच्या समोर, पूर्वेला, वाळूचं विस्तीर्ण पात्र आहे. रामनगर किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचा गंगेचा सात किलोमीटरचा पट्टा १९८९ मध्ये कासवांसाठी अभयारण्य झाला होता. २०२० मध्ये त्याचा दर्जा काढून घेतला गेला. उत्तरेकडच्या नद्यांच्या अशाच वाळूवर नदी टिटवी, नदी सुरय, पाणचिरे यांच्यासारखे पक्षी उन्हाळ्यात उघड्यावर अंडी घालतात. त्यांना आपण काहीच देऊ शकत नाही, फक्त मार्च ते मे या काळात वाळू त्यांच्यासाठी सोडू शकतो. नेमकं हेच देणं आपल्याला सगळ्यात जड जातं, कारण त्यात हात पुढे करून काही टाकता येत नाही आणि फोटो निघत नाही.

पक्षी पाहण्याला मी खाऊ घालण्यापेक्षा वरचा मान देते. त्यामागे केवळ आवड नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३ चा अहवाल देशातल्या सुमारे तीस हजार हौशी पक्षीनिरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि त्यांपैकी १७८ जातींकडे तातडीनं लक्ष द्यायला हवं असं निघालं. या नोंदी करणारे प्रामुख्यानं पगारी शास्त्रज्ञ नव्हते. सकाळी अर्धा तास खिडकीत किंवा घाटावर थांबून कोण किती दिसलं ते लिहून ठेवणारे शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त माणसं, गृहिणी होत्या. मराठी माणसाला याची परंपरा परकी नाही. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून आहे, सालिम अली तिथलेच. मारुती चितमपल्लींनी ‘पक्षीकोश’ लिहून पक्ष्यांची नावं आपल्या भाषेत जतन केली. चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सालिम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून २०२० पासून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. काशीत कुरव येतात तेही याच सुमारास.

मराठी यात्रेकरू काशीला आजही मोठ्या संख्येनं जातात. त्यांनी तिथे काय करावं याबद्दल माझी एक विनंती आहे. सकाळच्या नावेत बसाल तेव्हा दुर्बीण, नसेल तर नुसते डोळे, आणि एक वही सोबत घ्या. नावाड्याला ठरल्याहून थोडं जास्त भाडं द्या आणि सांगा, “भैया, खिलाना नहीं है, बस दिखा दीजिए।” पक्षी कुठे बसतात, खंड्या कुठे सूर मारतो, कुरव रात्री कुठल्या बाजूला उतरतात हे त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं, आणि सांगायला तो एका पायावर तयार असतो. शेवेच्या पाकिटावर खर्च होणारे पैसे त्या माहितीसाठी त्याच्या हातात द्या. मुलांना वहीत दोन रकाने आखायला सांगा, गडद डोळ्याचे किती, फिकट डोळ्याचे किती. घरी परतल्यावर गॅलरीत परळ भरून ठेवा आणि रोज सकाळी ते घासायचा नेम धरा. फेब्रुवारीत चार दिवस देशभर अंगणातल्या पक्ष्यांची मोजणी होते, तिच्यात पंधरा मिनिटं द्या. शेव घरी चहाबरोबर खा, नदीवर नेऊ नका.